टाकी मोठी केल्याने धार मोठी होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की नळाच्या धारेविषयीचे सल्ले वाचकांच्या पत्रांतून येऊ लागतात. गच्चीवर हजारऐवजी दोन हजार लिटरची टाकी ठेवा, तोटी बदलून महागातली बसवा, नाहीतर सरळ नळाला मोटार लावा. यातल्या पहिल्या दोन सल्ल्यांनी पैसे जातात आणि धार होती तिथेच राहते. तिसऱ्याने शेजारच्या घरचे पाणी तुटते आणि कधीकधी गटारीचे पाणी आपल्याच हंड्यात येते. तोटी उघडण्याआधी आणि उघडल्यानंतर पाइपात काय घडते ते नीट कळले, तर दोष कुठे आहे हे घरच्या घरी अर्ध्या तासात शोधता येते. म्हणून हे सविस्तर पत्र.

तोटी बंद असताना पाइपातला दाब फक्त एका गोष्टीवर ठरतो : पाण्याची वरची पातळी तोटीच्या किती वर आहे. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मीटरला त्याचा दहावा भाग. म्हणून पुढे दाब पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्येच सांगितला आहे. टाकी पाचशे लिटरची असो की पाच हजारांची, त्यातले पाणी समान पातळीवर असेल तर तोटीवरचा दाबही समान असतो. हजार लिटरच्या उभ्या टाकीत पाणी साधारण मीटरभर उभे राहते. दोन हजारांच्या टाकीत फार तर हातभर जास्त. वाढतो तो तेवढ्या हातभराचा दाब, दुप्पट नव्हे. मोठी टाकी साठ्यासाठी जरूर घ्यावी, आठवडाभराने पाणी येणाऱ्या गल्लीत ती लागतेच. तिच्याकडून धारेची अपेक्षा मात्र ठेवू नये.

एक मजला वर असलेल्या नेहमीच्या घराचे उदाहरण घेऊ. गच्ची जमिनीपासून ६ मीटरवर, टाकी थेट स्लॅबवर. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातला शॉवर त्या मजल्याच्या फरशीपासून २.१ मीटरवर, म्हणजे जमिनीपासून ५.१ मीटरवर. टाकी भरलेली असेल तर शॉवरच्या वर जेमतेम २ मीटर पाणी आहे आणि तळाला गेली असेल तर १ मीटर. खालच्या मजल्यावर मोरीतली तोटी १ मीटरवर असते, तिच्यावर मात्र ५ ते ६ मीटर. म्हणून खाली धार सणसणीत आणि वर शॉवर रडतो. ही टाकी चार फुटी स्टँडवर चढवली, तर टाकी तळाला गेलेली असतानाही शॉवरवर १ मीटरच्या जागी २.२ मीटर दाब मिळतो. दाब दुपटीहून थोडा वाढला म्हणजे पाणी दुप्पट होत नाही, दीडपट होते. कारण पुढे येईलच. स्टँड उभारताना एक गोष्ट सांभाळावी. हजार लिटर म्हणजे एक टन वजन. ते स्लॅबच्या मध्यावर न ठेवता कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमवर यायला हवे.

तोटी उघडली की दुसरा हिशेब सुरू होतो. घर्षण नसते, तर पाणी त्या उंचीवरून मोकळे पडणाऱ्या दगडाच्या वेगाने बाहेर आले असते. हे तोरिचेल्लीने सतराव्या शतकातच सांगून ठेवले आहे : उंचीला २ ने आणि ९.८१ ने गुणून वर्गमूळ काढा, वेग मिळतो. १ मीटरला सेकंदाला ४.४ मीटर, १० मीटरला १४ मीटर. घरातल्या तोटीतून एवढा वेग कधीच दिसत नाही, कारण उंचीने दिलेला दाब पाइप वाटेत खाऊन टाकतो. किती खातो, याचे सूत्र फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणी आणणारा अभियंता हेन्री दार्सी आणि जर्मन अभियंता वाइसबाख यांच्या नावाने ओळखले जाते. दार्सीने पाइपांवरचे प्रयोग १८५७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातले आपल्या कामाचे एवढेच : नुकसान लांबीच्या प्रमाणात वाढते, वेगाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि तेवढेच पाणी न्यायचे असेल तर व्यास कमी होताना ते जवळजवळ पाचव्या घाताने वाढते. दाब दुप्पट करूनही पाणी दुप्पट का होत नाही, तेही इथेच कळते. पाणी वाढले की वेग वाढतो आणि घर्षण त्याहून जोरात वाढते. पाणी दुप्पट हवे तर दाब जवळपास चौपट लागतो.

पाचवा घात ही किरकोळ बाब नाही. सध्या घरोघर सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकचे, पाइप बसतात. दुकानात ‘अर्धा इंची’ म्हणून मिळणाऱ्या सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर असतो आणि आतला फक्त सुमारे १२.४. जुन्या अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपाचा आतला व्यास १६ मिलिमीटर होता. म्हणजे गंजलेला जीआय काढून त्याच मापाचा सीपीव्हीसी बसवला, तर वाट गुळगुळीत झाली खरी, पण अरुंदही झाली. पाऊण इंची सीपीव्हीसीचा आतला व्यास १८.२ मिलिमीटर. आता मिनिटाला १२ लिटर पाणी दोन्हींतून सोडून पाहू. अर्धा इंचीत १० मीटर लांबीला सुमारे २.८ मीटर दाब जातो, पाऊण इंचीत अर्ध्या मीटरहूनही कमी. वरच्या घरातल्या शॉवरजवळ मुळात २ मीटर दाब. त्याला टाकीपासून १० मीटर अर्धा इंची पाइप जोडला असेल, तर मिनिटाला १२ लिटर येणे शक्यच नाही. हा खर्च वाचवण्याची जागा नव्हे. टाकीपासून खाली येणारा मुख्य पाइप सव्वा इंची, मजल्यावर फिरणारा एक इंची किंवा पाऊण इंची, आणि अर्धा इंची फक्त तोटीजवळचा शेवटचा हात-दीड हात. बांधकाम चालू असताना हा फरक थोडक्यात निभतो. टाइल्स बसल्यावर तोच भिंत फोडून करावा लागतो.

मोठ्या प्रमाणावर हेच गणित छत्रपती संभाजीनगरच्या पाणीपुरवठ्यात दिसते. जायकवाडीहून शहराकडे येणाऱ्या जुन्या जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या. व्यास दुप्पट, म्हणजे तोंड चौपट. पण सारख्याच घर्षणात दुसरी पहिलीच्या सुमारे सहापट पाणी नेऊ शकते. पैठणचा जलाशय आणि शहर यांच्या उंचीत शंभर मीटरहून जास्त फरक असल्याने हे पाणी पंपाने चढवावे लागते. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला, पंप आणि मोटारीची एकूण कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सुमारे ०.४ युनिट वीज निव्वळ उंचीपोटी जाते. वाटेतल्या घर्षणाची वीज वेगळी, आणि पाइप अरुंद असेल तर तीच डोईजड होते.

सरळ पाइपाइतकेच बेंड आणि वॉल्व्ह दाब खातात, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. अभियंते त्याचा हिशेब ‘एवढ्या लांबीचा सरळ पाइप’ असा मांडतात. साधा काटकोनी एल्बो म्हणजे पाइपाच्या व्यासाच्या ३० पट लांबी, टी आकाराच्या जोडातून आडवे वळणे म्हणजे ६० पट, आत पट्टी वर-खाली होणारा गेट वॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर ८ पट, आत भोकाचा चेंडू फिरणारा बॉल वॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर जेमतेम ३ पट. आणि भिंतीत गाडलेला, फिरवून बंद करायचा चकतीचा स्टॉप कॉक तब्बल ३४० पट! त्याच्या आत पाण्याला वर चढून, वळून, पुन्हा खाली यावे लागते. अर्धा इंची सीपीव्हीसीच्या व्यासाने एक एल्बो सुमारे ३७ सेंटिमीटर पाइपाबरोबर, तर एक स्टॉप कॉक ४ मीटरहून जास्त पाइपाबरोबर. दाब मुळात दोन-तीन मीटर असलेल्या गच्चीच्या टाकीच्या लाइनीत असा कॉक घालणे म्हणजे स्वतःच्या हाताने धार कमी करणे. तिथे पूर्ण भोकाचा बॉल वॉल्व्ह घालावा. ‘पूर्ण भोकाचा’ हे दुकानदाराला मुद्दाम सांगावे लागते, कारण स्वस्तातल्या बॉल वॉल्व्हच्या चेंडूतले छिद्र पाइपाहून लहान असते.

आता तपासणी. साहित्य : दहा लिटरची बादली, घड्याळ, आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, चार-पाच मीटर.

बादलीवर आधी एक लिटरच्या बाटलीने खुणा करून घ्याव्यात. विकत घेतलेल्या बादलीवरचा आकडा काठापर्यंतचा असतो. तोटी पूर्ण उघडून १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. ६०० ला त्या सेकंदांनी भागले की मिनिटाचे लिटर निघतात. ५० सेकंद लागले तर १२ लिटर. मोरीच्या तोटीला एवढे भरपूर झाले.

मग लेव्हलची नळी तोटीच्या तोंडाला क्लिपने घट्ट बसवावी, दुसरे टोक उंच धरावे आणि घरातल्या बाकी सगळ्या तोट्या बंद ठेवून ही तोटी उघडावी. नळीत पाणी चढते आणि एका जागी थांबते. बुडबुडे असतील तर नळी हलवून काढून टाकावेत, नाहीतर उंची खोटी दिसते. तोटीपासून पाणी थांबले तिथपर्यंतची उंची टेपने मोजा. हा झाला बंद पाइपाचा दाब, मीटरमध्ये. आता नळी तशीच ठेवून त्याच लाइनीवरची शेजारची तोटी पूर्ण उघडा. नळीतले पाणी खाली येईल. जेवढे खाली आले तेवढा दाब टाकीपासून त्या फाट्यापर्यंतच्या पाइपाने आणि वॉल्व्हने खाल्ला.

यातून निदान सरळ आहे. पहिलीच उंची कमी असेल, समजा मीटर-दीड मीटर, तर दोष उंचीचा. तोटी बदलून किंवा पाइप जाड करून बंद दाब वाढत नाही. पहिली उंची चांगली आणि दुसरी एकदम कोसळते, तर दोष पाइपात किंवा वॉल्व्हमध्ये, बहुधा टाकीच्या तोंडाशी असलेल्या, अर्धवट उघडलेल्या किंवा गंजलेल्या गेट वॉल्व्हमध्ये. आणि दोन्ही उंची चांगल्या असूनही बादली भरत नसेल, तर दोष त्या एकाच तोटीत : जाळी चोंदली आहे किंवा आतले वायसर सुटून तोंडावर बसले आहे. नगरपालिकेच्या नळालाही हीच तपासणी चालते, फक्त पाणी आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गल्लीने ओढलेले पाणी.

आपल्या भागात बोअरचे पाणी जड असते. कॅल्शियमचा पांढरा थर तोटीच्या जाळीत आणि शॉवरच्या भोकांत आधी बसतो, गरम पाण्याच्या लाइनीत तर भराभर. जाळी उलटी फिरवून काढावी, व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात रात्रभर बुडवावी, सकाळी जुन्या टूथब्रशने घासावी. बहुतेक वेळा तोटी बदलण्याची गरज उरत नाही. जुन्या जीआय पाइपात मात्र असा उपाय चालत नाही. १६ मिलिमीटरच्या पाइपात सगळीकडून २ मिलिमीटरचा थर साचला की वाट १२ ची होते आणि तेवढेच पाणी न्यायला घर्षण चौपटीहून जास्त होते. तो पाइप बदलावाच लागतो.

बऱ्याच घरांत खालची तोटी उघडली की वरची बंद पडते, एवढेच नव्हे तर वरच्या तोटीत हवा ओढल्याचा आवाज येतो. कारण असे की उभ्या पाइपातून पाणी जोरात खाली जाताना पाइपाच्या वरच्या भागातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. तोटी उघडी असेल तर तिथून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. टाकीच्या बाहेर मुख्य वॉल्व्हनंतर लगेच टी बसवून एक उभा पाइप टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून वर, उघड्या तोंडाने न्यावा, टोकाला खाली वाकवून आणि जाळी लावून. याला नळवाले एअर पाइप म्हणतात आणि घाईत तोच विसरतात. दुसरे, वरच्या मजल्याच्या न्हाणीघराला टाकीतूनच वेगळी लाइन द्यावी.

हवेचे दुसरे दुखणे म्हणजे एअर लॉक. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की काही नळांना पाणीच येत नाही. पाइप कुठेतरी वर चढून पुन्हा खाली उतरत असेल, दाराच्या चौकटीवरून किंवा सोलरच्या टाकीकडे जाताना, तर त्या उंचवट्यावर हवा अडकते. अशा हवेच्या प्रत्येक कोंडीची उभी उंची दाबातून वजा होते. दोन-तीन उंचवटे असतील तर दोन मीटरचा दाब जागच्या जागी संपतो. पाइपावर ठोकून ही हवा जात नाही. जिथे पाणी जोरात येते अशा तोटीला नळीचे एक टोक, अडलेल्या तोटीला दुसरे टोक घट्ट लावावे आणि दोन्ही उघडून पाणी उलटे टाकीकडे मिनिट-दोन मिनिटे ढकलावे. जोराची तोटी नगरपालिकेच्या थेट लाइनीवरची असेल तर काम झाल्यावर नळी लगेच काढावी. राहिली आणि लाइन रिकामी झाली, तर टाकीतले पाणी उलटे लाइनीत जाते. कायमचा उपाय म्हणजे पाइपाला टाकीकडून तोटीकडे सतत उतार ठेवणे.

आता मोटारीविषयी, कारण खरे नुकसान तिथे आहे.

पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो पुढे पोकळी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला त्या पोकळीत ढकलते. त्यामुळे ओढण्याला मर्यादा आहे : समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर, आपल्या पाच-साडेपाचशे मीटर उंचीवर ९.७ च्या आसपास, आणि पाण्याची वाफ, पाइपाचे घर्षण वजा जाता हाती सहा-सात मीटर. समजा गल्लीतल्या लाइनीत ५ मीटर दाब आहे आणि नळाला मोटार लावून आणखी ७ मीटरची ओढ दिली. दाबाचा फरक ५ चा १२ झाला, पण गल्लीतल्या लाइनीपासून घरापर्यंत येणाऱ्या त्याच अर्धा इंची सर्व्हिस पाइपातून पाणी वाढते फक्त सुमारे दीडपट ते पावणेदोनपट. हेही पहिली मोटार लावणाऱ्यालाच. जलकुंभातून त्या भागाला जेवढे पाणी सोडले आहे तेवढेच आहे. दहा घरांनी मोटारी लावल्या की लाइनीतला दाब शून्याखाली जातो आणि पुन्हा कुणालाच जास्त काही मिळत नाही, फक्त वीज जळते. टेलच्या, म्हणजे लाइनीच्या शेवटच्या, घरांना तर लाइन भरल्याचा आवाजसुद्धा येत नाही.

दाब शून्याखाली जाणे हा शब्दांचा खेळ नाही. त्या वेळी पाइपाच्या प्रत्येक सैल सांध्यातून आणि चिरेतून पाणी बाहेर गळण्याऐवजी बाहेरचे आत येते. आपल्याकडे सर्व्हिस पाइप गटारीच्या कडेने, पुष्कळदा गटारीतूनच गेलेले असतात. पावसाळ्याच्या तोंडाशी कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा जलशुद्धीकरण केंद्राबरोबरच हे सांधेही तपासायला हवेत. पाणी सुटण्याआधी आणि बंद झाल्यानंतर लाइन रिकामी होतानाही हेच घडते, म्हणून मोटार नसलेल्या घरानेही पहिल्या पाच मिनिटांचे पाणी पिण्याला घेऊ नये. ते झाडांना, धुण्याला घालावे.

मोटारीशिवाय जास्त पाणी मिळवण्याचा रास्त मार्ग म्हणजे पाणी खाली घेणे. लाइनीत जमिनीच्या पातळीला १.५ मीटर दाब असेल आणि तोटी पाऊण मीटर उंचीवर असेल, तर पाणी ढकलायला उरतात ०.७५ मीटर. तेच पाणी जमिनीखालच्या हौदात, जमिनीच्या ६० सेंटिमीटर खाली पाडले, तर उरतात २.१ मीटर. पाणी पावणेदोन पट होते. तासाला ४०० लिटर मिळत असतील तिथे ७०० मिळतात, विजेशिवाय आणि लाइनीतला दाब शून्याखाली न नेता. अनेक वस्त्यांत लोकांनी दारात खड्डा खणून नळ खाली उतरवलेले दिसतात. त्यांना हे भौतिकशास्त्र अनुभवाने कळलेले आहे. उघडा खड्डा मात्र घातक. त्यात सांडपाणी साचते, तोटी त्यात बुडते आणि लाइन रिकामी होताना ते घाण पाणी गावभरच्या लाइनीत ओढले जाते. म्हणून बांधलेला, झाकणाचा हौद. झाकणाची चौकट जमिनीच्या किमान वीतभर वर. आत येणाऱ्या पाइपाचे तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीहून निदान दोन इंच वर, कधीही बुडणार नाही असे. ती पातळी ठरवणारा ओव्हरफ्लो पाइप, त्याला जाळी. हौद भरला की आपोआप बंद होणारा, तरंगत्या गोळ्याचा बॉल कॉक बसवला तर एक इंची. अर्धा इंची बॉल कॉकचे आतले भोक इतके बारीक असते की हौदाचा सगळा फायदा तिथेच संपतो. मीटर असेल तर त्याच्या तोंडाशी छोटी जाळी असते, तीही वर्षातून दोनदा काढून धुवावी. हौदातून गच्चीवर चढवायला मोटार लावावी, ती आपल्याच पाण्याची आहे. शॉवरला जोर हवा म्हणून गच्चीच्या टाकीनंतर प्रेशर पंप लावायलाही कुणाची हरकत नसावी.

पाणी यंत्राशिवाय वर चढू शकते, हे संभाजीनगरच्या पाणचक्कीवर गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. मातीच्या नळांतून काही किलोमीटर आलेले पाणी तिथे खांबातून वर चढते आणि उंचावरून पडते. ते चढते कारण मूळ विहीर त्याहून उंचावर आहे. त्या पातळीच्या वर ते एक बोटही चढणार नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरच्या काळापासून या शहराच्या नहरी, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या वाहिन्या, याच एका हिशेबावर चालल्या.

नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, यावरून ‘तोटी बारीक केली की प्रेशर वाढतो’ असा एक समज आहे. तो अर्धा खरा आहे. वाट बारीक केल्याने पाणी कमी वाहते, त्यामुळे पाइपातले घर्षण कमी होते, त्यामुळे तोंडाशी दाब जास्त उरतो आणि थोडे पाणी वेगाने सुटते. झाडाला लांबून पाणी घालायला ठीक. बादली मात्र उशिरा भरते. पाइपाच्या मध्येच वाट बारीक केली, तर तिथे वेग वाढून दाब उलट घटतो. हे १७३८ मध्ये डॅनियल बर्नुलीने मांडलेले तत्त्व. ठिबकच्या लाइनीवर विद्राव्य खत ओढून घेणारी व्हेंच्युरी आपल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या वापरातली आहे, ती याच्यावरच चालते.

शेतातल्या लांब पाइपलाइनीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिथले नुकसान हजारांत जाते. नदीवरून किंवा शेततळ्यावरून किलोमीटर-दोन किलोमीटर पीव्हीसी पाइप टाकलेला असतो आणि तो फुटतो तो बहुतेक वेळा वीज गेल्यावर, चालू असताना नव्हे. वाहते पाणी अचानक थांबले की त्याच्या वेगाचे दाबात रूपांतर होते. रशियात झुकोव्स्कीने १८९८ मध्ये याचा हिशेब मांडला. पीव्हीसीत सेकंदाला १ मीटर वेग थांबला की सुमारे ४० मीटर, म्हणजे ४ किलोचा धक्का; लोखंडी पाइपात तो १२० मीटरपर्यंत जातो. वीज गेल्यावर पाणी आधी पुढे जाते, मग मागे फिरते आणि पाणी मागे जाऊ न देणाऱ्या नॉन रिटर्न वॉल्व्हवर आदळते. त्यामुळे ‘माझा उपसा २० मीटरच आहे, ४ किलो दाब सोसणारा पाइप पुरे’ हा हिशेब चुकतो. धक्का धरून ६ किलोचा घ्यावा आणि वेग सेकंदाला एक मीटरच्या आत राहील असा व्यास निवडावा. लाइनीच्या प्रत्येक उंचवट्यावर एअर वॉल्व्ह हवाच. हाताने वॉल्व्ह बंद करताना दाबाची लाट टोकापर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेपेक्षा सावकाश बंद करावा. एक किलोमीटर पीव्हीसीला ती वेळ ५ सेकंद आहे, त्यामुळे वॉल्व्ह फिरवायला निदान अर्धा मिनिट घ्यावा. घरात पाव फेऱ्यात बंद होणारी तोटी खाडकन लावल्यावर पाइप दणकतो तो याच धक्क्याचा धाकटा भाऊ. पाइपाला दर मीटरला क्लॅम्प आणि तोटीला थोडा सबुरीचा हात, एवढ्याने भागते.

शेवटी एक विनंती, आपल्या दैनिकाला आणि स्थानिक संस्थांना. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत लाइनीच्या शेवटच्या टोकाला एकमजली घरांसाठी ७ मीटर आणि दुमजलींसाठी १२ मीटर दाब उरावा असे म्हटले होते. मराठवाड्यात ज्या लाइनी चोवीस तासांच्या हिशेबाने टाकल्या त्यांतून काही दिवसांचे पाणी तास-दोन तासांत पळवले जाते. ठरवल्याच्या तिप्पट पाणी त्याच पाइपातून गेले की घर्षण साडेसात पटीने वाढते, आणि ते सगळे टेलच्या घरांच्या वाट्यातून जाते. अमुक वॉर्डात ‘कमी दाबाने पाणीपुरवठा’ अशी बातमी छापताना तो दाब किती मीटर होता हेही छापावे. जलकुंभाच्या पायथ्याशी, लाइनीच्या मध्यावर आणि टेलला, पाणी सुटल्यावर अर्ध्या तासाने घेतलेले तीन आकडे पुरेत. जलकुंभापाशी दाब भरपूर आणि मध्यावरच तो कोसळत असेल, तर मधला वॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा पाइप चोंदला आहे. मध्यापर्यंत ठीक आणि टेलला शून्य, तर मोटारी किंवा अपुरा व्यास. जलकुंभापाशीच दाब नसेल तर टाकी भरण्याआधीच पाणी सोडले गेले आहे, आणि त्या दिवशी मोटारी जप्त करायला पथक पाठवून काही उपयोग नाही.

आपले,
नळकाम व पाणीपुरवठ्याच्या कामातले दोन वाचक, जालना